बाप्तिस्मा कोणी दिला

फोन आला तेव्हा मी इलाइट चौराह्यावरच्या बँकेत माझा अंगठा जिवंत आहे हे सिद्ध करत होते. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. काळ्या यंत्रावर अंगठा दाबायचा, आणि यंत्राला पटलं तर आपण आहोत. माझा अंगठा तिसऱ्यांदा नापास झाला होता. काउंटरवरच्या बाई म्हणत होत्या, ‘आंटीजी, ज़रा पोंछके दबाइए,’ मी पदराला बोट घासत होते, मागे रांग वाढत होती, आणि पर्समध्ये फोन ठणाणा करायला लागला. अनोळखी नंबर. ‘माधुरी धामणकर जी? मैं चर्च के दफ़्तर से मुकेश मसीह बोल रहा हूँ. शारदा धामणकर आपकी कौन थीं?’ मेरी माँ, म्हटलं मी. पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. ‘मिल गईं!’ तो म्हणाला. आणि मग, अगदी सहज, बिलाची तारीख सांगावी तसं, ‘उनका नाम हमारे रजिस्टर में है. ऑस्ट्रेलिया से एक मैडम पूछ रही हैं. आप आकर देख लेंगी?’ मी हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही. मी अंगठा दाबला. या वेळी यंत्राने तो घेतला. ‘हो गया आंटीजी,’ बाई हसून म्हणाल्या, ‘आप ज़िंदा हैं.’ मी तिथेच लोखंडी खुर्चीवर बसले. आईचं नाव चर्चच्या वहीत आहे हे मला छप्पन्न वर्षं माहीत होतं. ते नाव तिथे आहे म्हणूनच तर आमच्या घरात तिला पाण्याच्या हंड्याला हात लावायची बंदी झाली होती. आणि ती बंदी माझ्या तोंडामुळे आली होती.

सांगूनच टाकते, नाहीतर माझी जीभ पुन्हा आडवाटेला लागेल. आम्ही धामणकर. झाशीत अडीचशे वर्षं. कुणा सुभेदाराच्या लवाजम्यातून आलेल्या भिक्षुकाचे वंशज, मूळ गाव कोणतं ते आता धड कुणालाच सांगता येत नाही, मराठीत निम्मी हिंदी आणि हिंदीत बुंदेली, पण सोवळं मात्र असं की पेशव्यांनी काल सांगून ठेवलंय. माझे वडील वामनराव मी दोन वर्षांची असताना गेले. आई अठ्ठावीस वर्षांची. तिने लाल आलवण नेसून कोपऱ्यात बसायला नकार दिला आणि सुईणकामाचं शिक्षण घेऊन रेल्वेच्या इस्पितळात नर्स झाली. पांढरी साडी, मनगटावर मर्दानी घड्याळ. काका भला माणूस, तो काही बोलला नाही. काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, तिचं आणि आईचं तर सख्ख्या बहिणींसारखं होतं. दोघी एका ताटात जेवायच्या, मला आठवतं. मग कधीतरी ते थांबलं. का थांबलं ते मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं, आणि ते ओझं घेऊन मी म्हातारी झाले.

मी दहा वर्षांची होते. आई तांदूळ निवडताना, वेणी घालताना, कधी आंघोळीच्या पाण्याची वाट बघताना, एक इंग्रजी वाक्य पुटपुटायची. तेच ते, त्याच चालीवर, परवचा म्हणावी तसं. ‘आय बॅप्टाइझ दी इन द नेम ऑफ द फादर…’ मध्येच अडखळायची, पुन्हा सुरुवातीपासून. मी शाळेत इंग्रजी शिकायला नुकती लागलेली, दीडशहाणी. शाळेत विचारून अर्थ आणला आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत काकूला सांगितला. काकू त्या वेळी वाटण वाटत होती. तिचा हात वरवंट्यावरच थांबला. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं हिला विंचू चावला. पुढच्याच आठवड्यात रेल्वेतल्या कुण्या बाबूने काकांच्या कानावर घातलं की तुमची भाभी रविवारी चर्चमध्ये दिसते, पाद्री समोर वही उघडून तिचं नाव लिहून घेतो, मी डोळ्यांनी पाहिलं. काकांनी तिला विचारलं, मी दाराआडून ऐकत होते. ‘वहिनी, तुमचं नाव चर्चच्या वहीत आहे?’ आई म्हणाली, ‘आहे.’ बस. एवढंच. माझी आई अशीच होती. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, त्याच्यापुढे तिचं तोंड शिवलेलं. अगं बाई, बोल ना पुढे! दोन वाक्यं जास्त बोलली असतीस तर काय झालं असतं? पण ती घड्याळ काढून खुंटीला अडकवून हात धुवायला गेली. त्या दिवसापासून तिची कळशी वेगळी. सणाला, श्राद्धाला स्वयंपाकघराचा उंबरा तिने ओलांडायचा नाही. आणि मी? मी तिच्या हातचं पाणी वर्षभर प्यायले नाही. दहा वर्षांच्या कार्टीला धर्म कळत नाही, पण जिकडे बहुमत तिकडे उभं राहणं बरोब्बर कळतं. ती तांब्या पुढे करायची, मी ‘तहान नाही’ म्हणायचे, आणि ती गेली की काकूकडे जाऊन घटाघटा प्यायचे. तिला दिसायचं. ती काही म्हणायची नाही. पुढे मी मोठी झाले, विमा कचेरीत लागले, लग्न केलं नाही, आईबरोबर चहा प्यायले, तिच्या हातचं जेवले, दोन हजार सहा साली ती गेली तेव्हा तिचं सगळं मीच केलं, पण ते वर्ष काही तिला परत देता आलं नाही. आणि विचारताही आलं नाही की आई, तू खरंच झालीस का गं ख्रिश्चन? विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं. त्याचीच भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो करून गेले. रेल्वे कॉलनीच्या अंगाला ते चर्च आहे, आयुष्यभर त्याच्यासमोरून मान वळवून गेले होते. दफ्तराची खोली म्हणजे एक टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि भिंतीवर येशूच्या शेजारी डाळीच्या कंपनीचं कॅलेंडर. मुकेश मसीह पन्नाशीचा, हाताने विणलेला चॉकलेटी स्वेटर, नाकावर घसरणारा चष्मा. ‘आप लोगों को ढूँढने में तीन हफ़्ते लगे,’ म्हणाला. रेल्वेच्या पेन्शन दफ्तरात पत्ता जुना, शेवटी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्यांनी माझा नंबर दिला. मग त्याने माझ्यासाठी चहा सांगितला, आणि चहा संपून मी हात रुमालाला पुसेपर्यंत वही काढली नाही. ‘गीले हाथ से नहीं जी. माफ़ कीजिए.’ मला तो माणूस तिथेच आवडला. मी चाळीस वर्षं रकाने भरण्यात घालवली आहेत. कागदाची इज्जत करणारा माणूस मला लांबून ओळखू येतो.

वही मोठी होती, कातडी पाठीची, अख्खं टेबल व्यापणारी. आडवे रकाने: जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, नाव, आईबापांची नावं, बापाचा धंदा — फायरमन, गार्ड, ड्रायव्हर, फिटर. निळी शाई तपकिरी झालेली. मुकेशने एकोणीसशे अडुसष्टचं पान उघडलं आणि मी पर्समधून चष्मा काढून नावाच्या रकान्यात बोट न टेकवता वरून खाली उतरायला लागले. डेस्मंड. पॅट्रिशिया. मॉरीन. लेस्ली. शारदा कुठेच नाही. पुन्हा वरून. नाही. नसावंच असं वाटत होतं आणि असावंही असं वाटत होतं. नसेल तर छप्पन्न वर्षं आम्ही कशासाठी ते सगळं केलं? ‘वहाँ नहीं, जी,’ मुकेश म्हणाला. ‘वहाँ तो बच्चे होते हैं. यहाँ देखिए.’ आणि त्याने पट्टी सरकवली ती पार उजवीकडे, अगदी शेवटच्या रकान्याकडे. वर छापलं होतं: बाप्तिस्मा कोणी दिला. खाली ओळीने एकाच पाद्र्याची एकच वळणदार सही, सही, सही, आणि मॉरीनच्या ओळीत, सहीच्या जागी, बारीक सुवाच्य इंग्रजी अक्षरात: शारदा धामणकर, हिंदू, परिचारिका, रेल्वे इस्पितळ. मूल मरणासन्न असल्याने, आईबापांच्या विनंतीवरून.

मी ते तीनदा वाचलं. ‘हिंदू’ हा शब्द तर मी किती वेळा वाचला देव जाणे. ‘ये कैसे,’ मी म्हटलं, ‘वो तो… उन्होंने ख़ुद नहीं लिया?’ मुकेश हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने समजावून सांगितलं, हळूहळू, शाळेतल्या मास्तरासारखं. मूल जगायची आशा नसेल आणि पाद्री पोहोचू शकत नसेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. कुणीही म्हणजे कुणीही; हिंदू, मुसलमान, ज्याचा देवावर विश्वास नाही तोसुद्धा. पाणी हवं, ते ठरलेले शब्द हवेत, आणि मनात ते करायचा खरा इरादा हवा. तेव्हाच्या पाद्रीसाहेबांनी इस्पितळातल्या नर्सेसना ते शब्द शिकवून ठेवले होते. आईबापांनी म्हटलं तरच करायचं. आणि केलं की रविवारी येऊन सांगायचं, म्हणजे वहीत लिहिता येईल. ‘बहुत-सी नर्सें आती नहीं थीं बताने. ये हर बार आईं.’ तर हे होतं ते. तांदूळ निवडताना अडखळणारं वाक्य. ती प्रार्थना करत नव्हती. पाठांतर करत होती. पोर हातात जात असताना शब्द चुकू नयेत म्हणून.

मुकेशने पानांमध्ये कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. एकोणीस चिठ्ठ्या. चौसष्ट सालापासून त्र्याऐंशीपर्यंत. मी एकेक पान उलटत गेले. तो शेजारी उभा राहून पान धरत होता. दर ठिकाणी शेवटच्या रकान्यात आई. दर ठिकाणी ‘हिंदू’. पंधरा ओळींच्या कडेला पेन्सिलीने छोटा क्रूस होता, म्हणजे ते मूल पुढे दफनाच्या वहीतही आहे. चार ओळींना क्रूस नव्हता. ती चार जगली. मला तिथे रडू आलं, आणि मी काही रडकी बाई नाही, कचेरीत मला सगळे खडूस म्हणायचे. पण पंधरा वेळा घरी येऊन ती माझी वेणी घालत बसली असणार, आणि त्यातल्या एखाद्या वेळी मी तिच्या हातचा तांब्या नाकारला असणार. दहा वर्षांत, वीस वर्षांत, एकदाही तिने म्हटलं नाही की आज एक मूल गेलं. मुकेशने पाण्याची बाटली पुढे केली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मग ऑस्ट्रेलियातल्या मॉरीनचं पत्र वाचून दाखवलं, अडुसष्टच्या त्या पानावरचीच मॉरीन. तिची आई रेल्वे ड्रायव्हरची बायको, आता हयात नाही. मॉरीन आपल्या घराण्याची माहिती गोळा करत होती. कोण कुठे जन्मलं, कुणाचं लग्न कुठे लागलं. स्वतःच्या दाखल्याची नक्कल मागवली तेव्हा त्यात हे नाव निघालं. लिहिलं होतं की माझी आई सांगायची, जानेवारीची थंडी होती, आणि त्या नर्सने पाणी आधी कोमट करून आणलं. मरणाऱ्या मुलाला कोण पाणी कोमट करून आणतं, असं ती म्हणायची. त्या बाईंचं कुणी असेल तर माझे आभार त्यांच्यापर्यंत पोहोचवा, बस, मला दुसरं काही नको. कोमट. आईचा हात मला आठवला; आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघायची तिची सवय. बाई गं, तुझे आभार घ्यायची माझी लायकी नाही, असं मी त्या न पाहिलेल्या मॉरीनला मनातल्या मनात म्हटलं, पण घेतले. दोन्ही हातांनी घेतले.

आता घरी जाऊन काकूला सांगायचं. ऑटोत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होते, आणि खोटं कशाला बोलू, ती वाक्यं काही चांगली नव्हती. काकू सत्त्याऐंशीची. काका जाऊन बारा वर्षं झाली. ओरछा गेटच्या आत आमचं तीन खोल्यांचं सिमेंटचं घर, तिथे आम्ही दोघीच. मी तिला औषधं देते, ती माझी भाजी निवडते, रोज एकदा भांडण. ऑटो गेटातून वळला, हातगाड्यांच्या गर्दीत अडकला, आणि मी मोबाइलवर काढलेला त्या ओळीचा फोटो मोठा करून बघत होते. हे बघ म्हणणार होते. वाच. वाचता येत नाही? मी वाचते. हिंदू लिहिलंय. तुम्ही ज्या वहीच्या जोरावर तिला अडतीस वर्षं उंबऱ्याबाहेर उभी केलीत त्याच वहीत लिहिलंय. तुमच्यापेक्षा त्या पाद्र्याला ती जास्त कळली होती. माझा स्वतःचा वाटा मी त्या भाषणातून सफाईने गाळला होता, हे गेटापाशी लक्षात आलं आणि तोंड कडू झालं.

काकू अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होती. मी चपला काढल्या, समोर वेताचा मोडा ओढून बसले आणि सांगितलं. भाषण राहिलंच बाजूला. नुसतं सांगितलं, जसं मुकेशने मला सांगितलं तसं. शेवटचा रकाना, हिंदू, एकोणीस मुलं, कोमट पाणी. काकू ऐकत होती, बोटं शेंगा फोडत होती. मी थांबले. मला वाटलं आता ही रडेल, किंवा म्हणेल की आम्हाला काय माहीत. तिने विचारलं, ‘किती सालची वही आहे ती?’ मी म्हटलं, जुनी आहे, चाळीस सालापासून. ‘पासष्टची पानं आहेत?’ ‘आहेत. का?’ तिने मटाराचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. ‘श्रावण बघितलास का त्यातला?’

मला काही कळेना. काकूला मूलबाळ नाही एवढंच मला माहीत. घरात तसंच म्हणायचे, काकूला झालं नाही. झालं नाही नव्हे, म्हणाली ती, झाला होता. मुलगा. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी झाला आणि काल्याच्या दिवशी गेला. तुला बबीनाला तुझ्या मावशीकडे धाडलं होतं. मला एकदम बबीनाच्या छावणीतल्या रणगाड्यांचा आवाज आठवला, मावशीच्या भिंतीला टांगलेली कैऱ्या उतरवायची जाळी, आणि परत आल्यावर काकू आठ-दहा दिवस आतल्या खोलीत झोपून होती ते. मला सांगितलं होतं, काकूला ताप आहे. ‘नाव नाही, बारसं नाही, कुठे जन्म नोंदवला नाही. एवढ्याशाला अग्नी पण देत नाहीत. यांनी नेला आणि परत आले, कुठे पुरला ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.’ काकूचा आवाज साधा होता, दूधवाल्याशी बोलते तसा. ‘इस्पितळात शारदावहिनीच ड्युटीवर होत्या. मला ग्लानी. डोळे उघडले तर त्या त्याला घेऊन उभ्या, हातात वाटी. बोट बुडवलं, त्याच्यावर वाकल्या, काहीतरी पुटपुटल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही गं. वहिनी होत्या, करत असतील काहीतरी. पण मग तीन वर्षांनी तू आलीस वाटणाच्या पाट्यापाशी, आणि सांगितलंस, आई असं असं म्हणते, त्याचा अर्थ असा असा आहे.’

छप्पन्न वर्षं मी समजत होते की माझ्या चुगलीने काकूचा धर्म दुखावला. धर्म कसला डोंबलाचा! तिला वाटलं वहिनीने तिचं मूल देऊन टाकलं. दुसऱ्यांच्या देवाला, न विचारता. ‘मेल्यावर सुद्धा तो मला भेटणार नाही असं वाटायचं,’ काकू म्हणाली, ‘तो त्यांच्यात, मी आपल्यात. मी वहिनींचं पाणी बंद केलं ते त्यासाठी. यांना खरं कारण कधी सांगितलं नाही. वहिनींनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं ना.’ तिलाही तीच भीती. एका घरात दोन बायका एकाच भीतीने अडतीस वर्षं गप्प, आणि तिसरी विचारण्याची वाट बघत. मी तिचा हात धरला. मटाराच्या सालींचा ओला वास येत होता. मी म्हटलं, काकू, मी उद्याच जाऊन बघते, तो त्या वहीत नसेल. तिने हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी फार मोठी चूक केली. ‘नसू दे, नसू दे असं मी पंचवीस-तीस वर्षं म्हटलं,’ ती म्हणाली. ‘आता म्हणत नाही. अगं, मी मेले की तो होता हे माहीत असलेलं कुणी उरत नाही. त्या वहीत तरी असू दे. कुणाच्या का देवाच्या, पण लिहिलेला असू दे.’

मुकेशला फोन करून विचारता आलं असतं, पण हे फोनवर विचारायचं काम नव्हतं. सकाळी पुन्हा गेले. वाटेत मी माझ्याशी जी चर्चा केली ती कुणी ऐकली असती तर मला खुळ्यात काढलं असतं. नसला तर? नसला तर आहे म्हणून सांगायचं. काय बिघडलं? काकूचे डोळे अधू, इंग्रजी येत नाही, कुठल्याही ओळीचा फोटो दाखवला तरी खपेल. एका म्हातारीला सुख मिळेल. विमा कचेरीत मी एक तारीख कधी इकडची तिकडे केली नाही, पण ती माणसं माझी नव्हती. आणि असला तर? असला तर माझ्या आईने न विचारता ते केलं होतं, काकूचा संशय खरा होता. म्हणजे काकूला हवं ते मिळालं तर आई जाते, आणि आई राहिली तर काकूचं मूल जातं. ऑटोवाला दोनदा म्हणाला, माताजी आ गया, तेव्हा मी उतरले.

मुकेशने काही न विचारता वही काढली. मी हात आधीच पुसले होते. पासष्टचा ऑगस्ट. एक तारखेला एक, पंधरा तारखेला दोन, मग एकदम एकोणतीस. शेवटच्या रकान्यात पाद्रीसाहेबांची सही, सही, सही. मी त्याला सगळं सांगितलं, काकूचं, वाटीचं, सगळं. त्याने दफनाची वही पण काढली, सप्टेंबरपर्यंत पानं चाळली, दोनदा. मग चष्मा काढून पुसला. ‘नहीं मिलेगा जी. मुझे पहले ही लगा था. जिनके माँ-बाप कहते थे, बस उन्हीं का करती थीं ये. बिना कहे एक भी नहीं है.’ विचारलं तेवढ्याचं उत्तर, आणि सांगितलं तेवढंच काम. माझी आई! त्या ऑगस्टच्या दोन तारखांमधल्या रिकाम्या आडव्या रेघेकडे मी बघत राहिले. मला त्या कोऱ्या रेघेचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच क्षणी घरी वाट बघत बसलेली काकू डोळ्यांसमोर आली. निघताना मी मुकेशला नमस्कार केला, वाकून, तो संकोचून ‘अरे अरे’ करत मागे सरकला. त्याला काय कळणार तो कशाकशाचा होता. खोटं बोलायचं मी वहीसमोरच रद्द केलं होतं. जिने वहीत एक ओळ जास्त घातली नाही, तिच्या मुलीने तरी कुठल्या तोंडाने घालायची?

काकूने सकाळीच आंघोळ करून इरकली नेसली होती. ठेवणीतली. मी दारात दिसल्याबरोबर ती उठून उभी राहिली, काठी न घेता. ‘आहे?’ ‘नाही, काकू,’ मी म्हटलं, ‘नाही तो त्यात. मी दोन्ही वह्या बघितल्या. आईबापांनी सांगितल्याशिवाय तिने एकाही मुलाला तो विधी केला नाही. तुझ्या बाळाला पण नाही केला.’ ती परत बसली. गल्लीत कुणीतरी भंगार भंगार ओरडत गेलं. मला माझ्या खरेपणाचा राग यायला लागला होता, म्हटलं झालं, हरिश्चंद्राची मुलगी, मिळालं का समाधान? मग ती अगदी हळू म्हणाली, ‘म्हणजे तिने त्याला आपल्यातच ठेवलं.’

मी मान हलवली. तिने ‘वहिनी’ म्हटलं नव्हतं. ‘ती’ म्हटलं होतं, पूर्वी, एका ताटात जेवायच्या तेव्हा म्हणायची तसं.

‘मग पुटपुटत काय होती?’ काकू मला विचारत नव्हती. तिचे डोळे मिटले होते आणि उजवा हात हवेत, वाटी धरावी तसा. ती तिथे होती, त्या खोलीत, मी तिला हाक मारली नाही. ‘बोट बुडवलं. ओठांना लावलं… हो, ओठांनाच. मग वाकली. मी इतकी वर्षं म्हणतेय कपाळाशी वाकली. कपाळाशी नव्हे गं. बाजूला मान केली होती तिने, तिची पाठ दिसत होती मला. कानाशी वाकली होती. कानाशी, माधुरी!’ तिने डोळे उघडले. ‘नाव सांगत होती त्याला. आत्या सांगते ना बारशाला, तसं. आत्या नव्हती, कोण सांगणार? कळा येत होत्या तेव्हा मीच तिचा हात धरून म्हटलं होतं, मुलगा झाला तर हे नाव ठेवायचं. तिला एकटीलाच सांगितलं होतं. यांनासुद्धा नाही.’

साठ वर्षांपूर्वी ग्लानीत पाहिलेलं खरं किती आणि आज हवं म्हणून दिसलेलं किती, हे मला ठाऊक नाही. ते कुठल्याच रकान्यात बघायला मिळणार नाही. पण माझ्या आईला मी ओळखते. तिला जे सांगितलं होतं ते तिने केलं असणार.

काकू रडत होती आणि तोंडभर हसत होती, नाकाडोळ्यांतून पाणी, इरकलीला पुसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला त्याबद्दल ओरडले नाही. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि विचारलं. विचारायला शिकायला मला सहासष्ट वर्षं लागली.

‘काय नाव गं त्याचं?’

‘मंदार,’ काकू म्हणाली.